टेकाळवाडीच्या बारा काचा

नोंद पहिली. २३ मार्च, सोमवार. काच क्र. १ ते १२: अखंड. शेरा:

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद. त्यात काय मावणार? एखादा 'निरंक' मावतो, फार तर तारखेसकट. जे मावलं नाही ते असं.

टेकाळवाडी सिरसाळ्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर, एका बुटक्या टेकाडावर बसलेली. टेकाडाच्या पोटात पांढरी माती. पूर्वी पंचक्रोशीतल्या घरांवर मातीचं माळवद असायचं आणि त्या माळवदाला दर उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागायचा, नाहीतर पावसाळ्यात ताटावर छत्री धरून जेवायची पाळी. म्हणून चार-पाच पिढ्यांनी टेकाडाला बाजूनं भोकं पाडली, कंदील घेऊन आत शिरले आणि घुशीनं पोतं खावं तसं टेकाड आतून खाल्लं. पुढं पत्रे आले, स्लॅब आले. भुयारांच्या तोंडावर बाभळीच्या काट्या टाकल्या आणि लोक विसरले. इतके विसरले की त्याच पोकळीच्या डोक्यावर बारा घरांची एक गल्ली उठली.

गेल्या भादव्यात गल्लीच्या मागच्या अंगाला जमीन फाटली. हातभर रुंद, शंभर पावलं लांब. काळ्या रानात भेगा दरसाल पडतात, त्याचं कुणाला काही नवल नाही. पण त्या उन्हात पडतात, पावसात मिटतात, आणि फाकतात कशाही. ही पडली ऐन पावसात, आणि गेली कोयत्यासारखी वाकत. सुंदरराव तिच्या कडेकडेनं एकदा चालले आणि म्हणाले, "ही उन्हाची न्हाई. ही खालून आलीय."

त्यांना कळायचं कारण होतं. एकतीस वर्षं ते चांद्याकडं कोळशाच्या खाणीत सर्व्हे खलाशी होते. खाली कोळसा निघायचा, वर जमीन बसायची. ती किती बसली, कुठं तडकली, भेग कालच्यापेक्षा किती सुतं रुंदावली, हे फिरून मापायचं. आयुष्यभर दुसऱ्यानं पोखरलेल्या जमिनीवरून चालणं, ही त्यांची नोकरी. ती संपवून गावी आले, तर इथंही तेच.

तालुक्याच्या कचेरीनं मग एक भूगर्भतज्ज्ञ नेमली. तेजश्री, वय तिशीच्या आत, बीडहून पंधरवड्याला यायची, कंत्राटी. तिनं सुंदररावांनाच निरीक्षक केलं. ठरलं ते एवढं: गल्लीतल्या बाराही घरांच्या भिंतींना चिरा आहेत. प्रत्येक चिरेवर काचेची एक पट्टी, बोटभर रुंद, वीतभर लांब, आडवी बसवायची, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा. आठवड्यातून दोनदा बघायचं. पावसाआधी हालचाल दिसली तर बाराही कुटुंबं गायरानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायची. शेड तयार आहेत. हालचाल नाही दिसली तर ते शेड दुसऱ्या गावाला जाणार, तिकडं मागणी आहे.

"नोंदीशिवाय मला साहेबांपुढं उभं राहता येत नाही, काका," तेजश्री म्हणाली. "मला काच तुटलेली दाखवा, मी आदेश आणते."

काचा बसवल्या त्या दिवशी सुंदररावांनी दारोदारी एकच भाषण केलं. जमीन हलली की भिंत हलते, भिंत हलली की काच तुटते. माणूस थापा मारतो, काच मारत न्हाई. सात नंबरच्या घरी चतुराबाईनं ते कमरेवर हात ठेवून ऐकलं. ती त्यांच्या चुलतभावाची बायको, नवरा गवंडी होता, तो गेल्याला सहा वर्षं झाली. तिनंही त्याच्या हाताखाली वीस वर्षं माल कालवलेला.

"भावजी, हिला हळदी-कुकू लावायचं का?"

"लाव वैनी. पर काचेला हात न लावता."

आणि निघता निघता ते आणखी एक वाक्य बोलले. चांद्याला कामगारांच्या चाळीत पोरं काचांवर गोट्या मारायची, म्हणून तिथं ते प्रत्येक दारात बोलावं लागायचं. एकतीस वर्षांची सवय, जिभेवर बसलेलं. बोलले आणि पुढच्या दाराकडं गेले.

"ही सरकारी काच हाय. फुटली तर जबाबदारी घरच्याची."

•

नोंद दुसरी ते पाचवी. काच क्र. १ ते १२: अखंड. जमिनीवरच्या खुंट्या: रद्द. शेरा: म्हैस.

काचांबरोबर त्यांनी मागच्या भेगेच्या दोन्ही काठांना लोखंडी खुंट्याही ठोकल्या होत्या. समोरासमोर सहा जोड्या. टेप लावायची, अंतर लिहायचं. पहिल्या जोडीचं अंतर आलं एक्केचाळीस सेंटिमीटर. चार दिवसांनी चव्वेचाळीस. पुढच्या वेळी एकोणचाळीस. तीन दिवसांत पाच सेंटिमीटर मिटणारी भेग त्यांनी चांद्याला पाहिली नव्हती, कुठं ऐकलीही नव्हती. ते भरदुपारी जाऊन लिंबाखाली बसले. तर हनुमान, चार नंबरवाला, म्हैस घेऊन आला आणि दावं खुंटीला अडकवून निघाला.

"हनुमान, ही खुंटी कशाची हाय?"

"लोखंडाची."

"ती मापायची खुंटी हाय बे!"

"मग मापा की तात्या. म्हैस आडवी येते का?"

"म्हैस वढती. खुंटी हलती."

"सांगतो तिला. म्हणतो, सरकारी खुंटी हाय, दमानं वढ."

गावात इतकी मजबूत, आयती ठोकलेली खुंटी कुणी फुकट जाऊ देत नाही. बाराच्या बारा खुंट्यांना शेळी, वासरू, नाहीतर म्हैस होती. सुंदररावांनी वहीत खुंट्यांचा रकाना आडवी रेघ मारून बंद केला. राहिल्या काचा. काचेला म्हैस बांधता येत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

•

नोंद सहावी ते सतरावी. वरीलप्रमाणे.

'वरीलप्रमाणे' हा शब्द लिहायला सोपा, पण दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला तो मिळवायला बारा दारं चढावी लागायची. चष्मा वर करायचा, बॅटरी तिरकी धरायची, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेड न्यायचा. केसासारखी रेघ असली तरी उजेड तिथं अडखळतो. अडखळला नाही. एकदाही नाही. आणि बाराव्या दारापर्यंत पोचेतो बारा टोमणे झालेले.

"तात्या, टेकाड हाय का गेलं?"

"रातचं जरा हललं व्हतं, पर ते आमच्या बुढ्याचं घोरणं."

"तुमचा कोळसा निघाला का मग आमच्या खाली? निघाला तर सांगा, चुलीला व्हईल."

सुंदरराव हसायचे, किंवा हसल्यासारखं करायचे. एक गोष्ट मात्र त्यांना बरी वाटायची. वैशाखातल्या धुळीत गल्लीतली भांडी, दारं, माणसं सगळी मातकट झालेली, पण काचा लख्ख. सिमेंटच्या गोळ्यांवरसुद्धा बायकांनी पांढऱ्या मातीचा हात फिरवलेला, भिंतीत भिंत दिसावी म्हणून. ते चतुराबाईला म्हणाले, "वैनी, तुझी काच तर नव्यासारखी ठुलीय."

ती दुसरीकडं बघत म्हणाली, "पुसती की. सरकारी वस्तू."

वहीत सगळं जागच्या जागी होतं. त्यांच्या मनात नव्हतं. मागची भेग डोळ्यांना रुंद दिसत होती. पण डोळ्यांना रकाना नसतो. आणि एकतीस वर्षांत त्यांनी स्वतःच दहा साहेबांना सांगितलं होतं की डोळ्यावर जाऊ नका, काचेवर जा.

•

नोंद अठरावी. २१ मे, गुरुवार. काच क्र. १ ते १२: अखंड. शेरा: निरंक.

तेजश्रीचा फोन आला. "काका, सोमवारी मी येते. एकोणिसावी नोंद घेऊ, तुमची सही घेऊ, आणि अहवाल बंद करू. हालचाल नाही."

"शेडचं?"

"ते मग तिकडं जातील. वाईट काय त्यात? लोक आपापल्या घरात राहतील. चांगलीच बातमी आहे ना?"

"व्हय," सुंदरराव म्हणाले.

फोन ठेवून ते ओट्यावर बसले आणि हिशेब मांडला. बारा घरं म्हणजे मोजून एकसष्ट माणसं. आठ-दहा वर्षांपासून पाऊस जूनच्या दुसऱ्या हप्त्यात येतोय, म्हणजे अजून तीन हप्ते. पाणी त्या भेगेत उतरणार, भेगेतून भुयारात, आणि भुयाराचं छत मातीचं. त्यांची सही असली की एकसष्ट माणसं त्या छतावर निवांत झोपणार. आणि ते चुकत असतील, तर गेले आठ महिने गावाला उगाच भेव घालणारा म्हातारा ते स्वतः. दोन्हींतलं एक खरं होतं. काच म्हणत होती, दुसरं.

मग त्यांच्या डोक्यात आलं की काच जाड असेल. चांद्याला वापरायचे ती कागदासारखी पातळ. जाड काच तुटायच्या आधी सिमेंटातून सरकते. सरकली तर वरून अखंडच दिसणार. सोमवारच्या आत सगळ्यात पातळ काचेची एक पट्टी लावून बघावी. एवढी एक शंका फेडावी आणि मग सही करावी.

•

ही नोंद नाही. २४ मे, रविवार, सिरसाळा.

बसस्टँडच्या मागं इसाकचं फोटोफ्रेमचं दुकान. भिंतीवर लग्नाची जोडपी, मयत म्हातारे, मक्का-मदिना, बालाजी, सगळे एकाच मापाच्या चौकटीत. इसाक हिऱ्याच्या पेननं काच कापत होता. वर न बघता म्हणाला, "बसा चाचा. टेकाळवाडी ना?"

"तुला कसं ठाऊक?"

"तुमच्या अंगावर पांढरी धूळ हाय. काय पायजे?"

"सगळ्यात पातळ काच हाय का? बोटभर पट्टी. वीतभर लांब."

इसाकनं आता मान वर केली आणि खदाखदा हसला. "या अल्ला, तुमी बी? चाचा, काय चाल्लंय काय तुमच्या गावात? कुणाचे फोटो लावून राहिले इतके बारके? दीड महिना झाला, जो येतो तो बोटभर पट्टी, वीतभर लांब. आधी एक बाई आली. मग तिनं धाडली म्हून दुसरी आली. परवा तर एक जण येऊन म्हणतो, इसाकभाई, न फुटणारी हाय का? म्या म्हणलं, बाबा, न फुटणारी काच असती तर म्या उपाशी नसतो मेलो?"

सुंदरराव स्टुलावर बसले.

"किती पट्ट्या नेल्या असतील?"

"मोजल्या कुणी? तुकड्यातून कापून देतो. पर तीस-पस्तीसच्या खाली न्हाईत." इसाकनं काच दोन बोटांत धरून टक् करून मोडली. मोड सरळ आला. "तुमाला किती देऊ?"

"नको," सुंदरराव म्हणाले. "आता नको."

•

त्याच दिवशी दुपारी. घर क्र. ७.

चतुराबाई बाजेवर शेवया वाळत घालत होती. ते उंबऱ्यात उभे राहिले. आत आले नाहीत.

"वैनी, काच किती डाव बदलली?"

"कोन्ती काच?"

"म्या इसाकच्या दुकानातून आलोय."

तिचे हात थांबले. शेवयांचा पुंजका तसाच बोटांवरून लोंबत राहिला.

"चार डाव," ती म्हणाली. "पर म्या फोडली न्हाई भावजी. देवाशप्पत. आपोआपच फुटती. भिंतीला हात न लावता फुटती. आता सरकारची वस्तू माझ्या घरी फुटली तर म्या काय तोंड दाखवू? तुमीच म्हणलाव, जबाबदारी घरच्याची."

"अगं ती फुटायलाच लावलीती!"

"मंग तसं सांगायचं. फुटायला काच कोण लावतं भावजी? आमच्या घरात वीस वर्सं गवंडीकाम झालं, म्या कुणाला फुटायला काच लावताना बगितलं न्हाई."

सुंदररावांनी सांगितलं होतं. जमीन, भिंत, काच, सगळं क्रमानं सांगितलं होतं. पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाचं शेवटचं वाक्य तेवढं घरात येतं, बाकीचं अंगणात राहतं, आणि शेवटचं वाक्य त्यांचं ते होतं.

"आन् तुमी येऊन किती मन लावून बगायचाव," चतुराबाई म्हणाली. "आखंड, आखंड लिव्हायचाव. म्हणलं, जाऊ दे, भावजीचं काम तरी नीट चाललंय. मंग शेजारणीची फुटली, ती रडाया लागली, तिला म्या इसाकचं दुकान सांगितलं. गोळा म्याच बसवून दिला. चार-पाच जणींचा म्याच बसवला. पट्ट्या जादाच आणून ठिवल्या, फुटली की लगीच लावायची."

"तुकडे कुठं हायेत?"

"टाकले. मागच्या भेगंत. उकिरड्यावर टाकले तर गुराच्या पायात जात्यात."

ते खाली बसले, उंबऱ्यावरच. खिशातून पेन्सिल काढली.

"पहिली कवा फुटली?"

"ते मला कसं आठवंल? म्या काय वही ठिवते?"

"आठव. त्या दिवशी काय करू लागलतीस?"

ती विचारात पडली. मग एकदम म्हणाली, "आकितीला. पितराचं ताट वाढलं व्हतं, आमरस. टच् करून वाजलं. मला वाटलं मालक आले."

अक्षय तृतीया. एकोणीस एप्रिल. काच लावल्यापासून सत्तावीस दिवस. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं.

"दुसरी?"

"दुसरी... खालच्या आळीत हळद व्हती. म्या हळदीचे हात घिऊन आले तर फुटलेली." दाराच्या मागं लग्नपत्रिका खोचलेली होती. तिनं ती काढून दिली. हळद सहा मे. सतरा दिवस.

"तिसरी आमुशाला. शनि-आमुशा. तेल घालून आले मारुतीला, आन् बगते तर..." सोळा मे. दहा दिवस.

"आन् चौथी परवाच्याला. धोंड्याचा महिना लागला, म्हून जावयाला बोलीवलं व्हतं. जावई जेवत व्हते, त्यांच्या पाठीमागंच फुटली. ते म्हणले, आत्याबाई, घूस हाय वाटतं. म्या म्हणलं, व्हय, घूस हाय."

बावीस मे. सहा दिवस.

सुंदररावांनी चार आकडे एकाखाली एक मांडले. सत्तावीस. सतरा. दहा. सहा. त्यांच्या अठरा नोंदींत एवढं खरं काही नव्हतं. काचेनं सगळं वेळच्या वेळी सांगितलं होतं, आणि ऐकणारीनं शरमेनं झाकलं होतं.

"काय झालं भावजी? लई चुकलं का?"

"वैनी, उद्या पंचायतीत यायचं. हेच, असंच सांगायचं. सगळ्यांसमोर."

तिनं बोटांवरच्या शेवया बाजेवर सोडल्या. "आन् मला धरलं तर?"

त्यांना 'न्हाई धरणार' म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत. आधीच एक वाक्य बोलून झालं होतं.

•

नोंद एकोणिसावी. २५ मे, सोमवार.

ग्रामपंचायतीच्या एका खोलीत गल्लीतली तीसेक माणसं, उकाडा, आणि टेबलापाशी तेजश्री. सुंदररावांनी आधी अठराही नोंदींवर तिरकी रेघ मारली आणि प्रत्येक रेघेखाली सही केली. अठरा सह्यांना वेळ लागतो.

"काका, हे मी वर कसं सांगू?" तेजश्री हळू आवाजात म्हणाली. "दोन महिने अखंड, आणि अहवालाच्या दिवशी सगळं रद्द. साहेब म्हणतील, शेड मिळावेत म्हणून केलं."

"चतुराबाई सांगतील," सुंदरराव म्हणाले.

तिनं सांगितलं. आकिती, हळद, आमुशा, जावई. पदर तोंडाशी धरून, पण सगळं. संपल्यावर मागून एक आवाज आला, "काकूला शेड पायजे. ल्योक पुण्याला, हिला पत्र्यात करमतंय." खोली हसली. आणखी कुणी म्हणालं, "सरकारच्या वस्तूला हात लावलाच कसा?" हे म्हणणारीच्या काचेचा गोळा चतुराबाईनं स्वतः बसवला होता. चतुराबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि नाव घेतलं नाही.

सुंदरराव उठले. "म्या कुणाला चोर म्हणत न्हाई. चूक माझी हाय, म्या जबाबदारी म्हणलो. आता त्याच तोंडानं विचारतो. फुटलेली काच बदलली असंल तर ती चोरी न्हाई. ती खबर हाय. न्हाई सांगितली तर मॅडम जातील, शेड जातील, आन् पाऊस येईल. कुणाकुणाची फुटली?"

कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"माझी," हनुमान म्हणाला. "माझी किती डाव फुटली ते इचारू नका."

"कावून?"

"मोजत न्हाई आता. आधी आठवड्याला फुटायची, मग दोन दिवसाला. इसाक म्हणला, न फुटणारी न्हाई. मग म्या प्लास्टिक लावलं. शर्टाच्या डब्यावरलं. ते बरंय, फुटत न्हाई."

सुंदररावांना आठवलं, गुरुवारी त्यांनी चार नंबरवर बॅटरी धरली होती आणि उजेड कुठंच अडखळला नव्हता.

"प्लास्टिक कवा लावलं?" तेजश्रीनं विचारलं. तिनं वही जवळ ओढली होती.

"म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हैस तर बुद्धपुनवेला व्याली," त्याची बायको म्हणाली.

"न्हाई, नंतर. चीक तुझ्या भावाला धाडला व्हता, तवा त्याचा पेपर व्हता."

"पेपर आधीच झाला व्हता की!"

मग खोलीला तोंड फुटलं. आठ नंबरची पहिली काच रामनवमीच्या पाळण्याच्या दिवशी. न्हाई, पाळण्याला तर काच लावून चार दिस बी झाले नव्हते, ती हनुमान जयंतीची. पाच नंबरची तिसरी, पोराला विंचू चावला त्या संध्याकाळी. सहाची, गॅसची टाकी आली तेव्हा. अकराची फक्त एकदा, ती बहुतेक खरंच मांजरानं पाडली. माणसं एकमेकांच्या तारखा खोडत होती, एकमेकांच्या घरातले बाळंतपण, भांडण, पाहुणे काढत होती, आणि तेजश्री सणाला तारीख, तारखेला घर लावत होती. सुंदररावांनी काही विचारलंच तर एवढंच: "त्याआधी किती दिवस?"

दीड तासानं तिनं पान फिरवून त्यांच्यापुढं धरलं. तिथं बारा चौकोन होते, प्रत्येकात शेवटच्या दोन काचांमधले दिवस.

१: नाही. २: ११. ३: ३. ४: २, नंतर प्लास्टिक. ५: २. ६: ३. ७: ६. ८: ९. ९: १४. १०: २६. ११: मांजर. १२: नाही.

"मधली चार," ती म्हणाली.

"व्हय. तिथं छत पातळ हाय."

"पण हलवायचं तर बाराही. मी त्याशिवाय लिहिणार नाही." तिनं कोरा कागद घेतला. "एक आहे, काका. हे नोंद म्हणून चालायचं असेल तर प्रत्येकानं लिहून द्यावं लागेल. आम्ही काच स्वतः बदलली, अमुक दिवशी. सहीनिशी."

"गुन्हा लागंल का?" कुणीतरी विचारलं.

"मला माहीत नाही," तेजश्री म्हणाली. "खोटं सांगत नाही. माहीत नाही."

दार उघडं होतं. दोघं-तिघं उठून त्या दिशेला सरकलेही. तेवढ्यात चतुराबाई टेबलापाशी आली. तिनं पेन मुठीत धरलं, भाकरीला उलथणं धरावं तसं. च, मग तु, मग बराच वेळ रा. बाई लिहायला जागा उरली नाही, ते तिनं खालच्या ओळीत लिहिलं. मग हनुमान आला.

"कुठं करू?"

"काकूच्या खाली."

•

नोंद विसावी. १४ जून, रविवार. काच: लागू नाही. शेरा:

आदेश तीस मेला आला. लोक शिव्या देत हलले, कुणी दाराची चौकट काढून नेली, कुणी तुळस. कारवाईचं पत्र काही आलं नाही, येणार नाही असंही कुणी सांगितलं नाही. बारा जूनच्या दुपारी पाऊस लागला तो दोन दिवस हटला नाही. चौदाला सकाळी अकराच्या सुमाराला गायरानातल्या माणसांना एक दबका आवाज ऐकू आला, गोणी खांद्यावरून खाली टाकल्यासारखा. तीन, चार, पाच आणि सहा ही घरं कमरेइतकी खाली बसली. भिंती उभ्याच राहिल्या, फक्त बुटक्या झाल्या. आत कुणी नव्हतं.

आठ घरं जिथल्या तिथं होती. दुसऱ्या दिवशी आठ घरांतली माणसं सुंदररावांच्या भोवती जमली. ज्यांचं पडलं त्यांचं पडलं, आमचं तर उभं हाय. पत्रा तापतो, पावसात कानठळ्या बसतात. जाऊ का आता? सुंदरराव प्रत्येकाला 'न्हाई' म्हणाले आणि प्रत्येकानं 'कावून' विचारलं. दोन कुटुंबांनी तर सामान बैलगाडीत घातलं होतं. चाकांपाशी उभं राहून ती बाकीच्यांकडं बघत होती, कोण आधी निघतंय ते.

चतुराबाईचं सात नंबर पडलेल्या सहाला लागून. भिंत एकच.

"भावजी, खरं सांगा. माझं पडंल का न्हाई?"

"सांगता येत न्हाई."

"मंग एकतीस वर्सं काय केलं तिकडं?"

"मापलं."

"आन् आता कावून मापत न्हाई?"

"मापायला आत जावं लागतं. म्या जात न्हाई, कुणाला जाऊ बी देत न्हाई."

ती टेकाडाकडं बघत राहिली. इथून तिच्या घराचा निळा दरवाजा दिसत होता, बंद, कुलूप घातलेला. किल्ली तिच्या कमरेला होती. बैलगाडीवाले तिच्याकडं बघत होते. ती निघाली असती तर तेही निघाले असते.

ती शेडच्या मागं गेली. परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर घमेलं होतं, ओल्या मातीनं भरलेलं, वर तीन दगड. आतापर्यंत ती गॅसच्या शेगडीवर भागवत होती, चार दिवसांसाठी चूल कोण घालतं म्हणून. तिनं घमेलं शेडच्या तोंडाशी उतरवलं, साडीचा ओचा खोचला, आणि दगड कुठं बसतील ते डोळ्यानं मापलं.

"सरका जरा भावजी," ती म्हणाली. "चुलीच्या जाग्यावर उभे हाव तुमी."